एका लेन्सची मोजणी

कॅमेऱ्याची लेन्स निवडायला लोक महिनाभर व्हिडिओ पाहत बसतात, आपण एका रविवारात निकाल लावतो, असं देवरावांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

निकाल लावणं भागच होतं. पुढच्या आठवड्यात दोघं अहमदाबादला निघणार होती, तिथल्या पोळांतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून, चार दिवस नुसतं पायी हिंडायला. गेल्या वर्षी हैदराबादला देवरावांनी तीन लेन्स नेल्या होत्या. ते भररस्त्यात लेन्स बदलत राहिले आणि कौशल्याबाई त्यांची झाकणं सांभाळत उन्हात उभ्या राहिल्या. अकराशे फोटोंत बाईंचा एकच निघाला, तोही पाठमोरा.

"यावेळी एकच लेन्स न्या, आन् माहा एक धड फोटो काढा," त्यांनी सांगून टाकलं. "नसन जमत, त मले अकोल्याले ताईकडे सोडून द्या. तुमी जा एकटे."

बाईंच्या बोलण्यात धमकी नसते, नुसती माहिती असते. देवराव हादरले.

रविवारी सकाळी ते आपल्याच शहरातल्या जवाहर गेटच्या आतल्या एका बोळात शिरले. बोळ अरुंद, गर्दीचा, अगदी अहमदाबादला शोभेल असा. पद्धत सोपी होती. रस्त्यावर खडूने फुली मारायची, तिच्यावर उभं राहून तिन्ही लेन्सने तोच फोटो काढायचा, वहीत टिपायचं आणि बारा पावलं मोजून पुढची फुली मारायची. ज्याने सारी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवली, त्याला दुसरं सुचणार तरी काय? घोळ एवढाच झाला, की बोळातले सगळे दुकानदार त्यांना मोजणीवाले साहेब म्हणून ओळखत होते आणि ते दोन वर्षांपूर्वी रिटायर झाल्याचं एकालाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या फुलीवर गादीवाले वाहेदभाई चहा घेऊन आले. देवरावांना भरून आलं. चहा पिऊन त्यांनी फोटोच्या मधे येणाऱ्या गाद्या जरा मागे घ्यायला सांगितल्या. वाहेदभाईंनी गाद्या तर मागे घेतल्याच, वर दुकानापुढचं टिनाचं शेडही उतरवायला काढलं. पाचव्या फुलीपर्यंत बातमी देवरावांच्या पुढे पोचली होती. तिथे भांडेवाले खुशालराव आपल्याच ओट्यावर घण घालत होते. सरकारने सगळाच पाडण्यापेक्षा आपण बेताने पाडलेला बरा, असा त्यांचा विचार. धूळ उडते आहे, थोडं थांबा, असं देवराव म्हणाले, तर खुशालरावांनी हात जोडले. नोकरीत असताना असा मान कधी मिळाला नव्हता, म्हणून देवरावांना बरंच वाटलं.

दुपारी अर्धा बोळ देवरावांच्या अंगणात जमला. कोणाच्या हातात जुना नकाशा, कोणाच्या हातात खरेदीखत.

"साहेब, सडक किती रुंद करून राहिले?" वाहेदभाईंनी विचारलं.

"कोणती सडक? मी लेन्स पाहून राहिलो."

"मंग फुल्या काहून मारल्या?"

देवरावांकडे उत्तर होतं, पण ते वीस मिनिटांचं होतं आणि खुशालरावांच्या हातात अजून घण होता. शेवटी कौशल्याबाई बाहेर आल्या. साहेब रिटायर झाले आहेत, शेड आणि ओटा दोन्ही तेच पूर्ववत करून देतील, असं सांगून त्यांनी दोन वाक्यांत सभा मोडली.

पुढचे तीन दिवस देवराव गवंड्याच्या हाताखाली विटा देत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपवून आल्यावर त्यांनी बाईंना फोटो दाखवले. तिघींत पस्तीस एमएमची लेन्स निर्विवाद जिंकली होती. नव्वद फोटो पाहून झाल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, की यात माणूस कुठे आहे?

खरंच नव्हता. नुसत्या भिंती आणि दारं. देवराव खजील झाले. त्यांनी पस्तीसची लेन्स लावली आणि बाईंना ओसरीवर बसवलं. देवरावांच्या केसांतलं सिमेंट पाहून बाईंना हसू फुटलं आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. इतका सुरेख, की दोघंही बराच वेळ पाहत राहिली.

"पाहा, हेच पाहिजे होतं," देवराव म्हणाले. "आता हीच लेन्स नेऊ."

बाईंनी तो फोटो अकोल्याला ताईंना पाठवून दिला. मग देवरावांच्या हातातून कॅमेरा घेतला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

"निघाला नं फोटो. आता अहमदाबादले कायले न्याचा?"