मगदूमांचे आभारप्रदर्शन

इचलकरंजीच्या वार्षिक विनोद महोत्सवात लोक हसले की नाट्यगृह जमिनीवरून उठते. पहिल्या वर्षी मूठभर प्रेक्षक होते, तेव्हा जो हसेल त्याचीच खुर्ची तेवढी वर जायची. पुढे स्टँड-अप करणारी पोरे पुण्यामुंबईहून येऊ लागली, तिकिटांसाठी झुंबड उडाली, सगळे एकदम हसू लागले आणि खुर्च्यांनी इमारतही सोबत नेली. यंदा ती पाण्याच्या टाकीहून उंच गेली. बाल्कनीतल्यांना पंचगंगा दिसत होती आणि त्याचेही त्यांना हसू येत होते.

खाली उतरवण्याचे काम मगदूमांचे. नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांच्या आभारप्रदर्शनात आजवर कुणी हसलेले नाही. खंत एकच होती. संसाराला तीस वर्षे झाली, पण त्यांच्या बोलण्यावर सुशीलाबाईसुद्धा कधी हसल्या नव्हत्या. यंदा बाई तिसऱ्या रांगेत होत्या आणि मगदूमांनी एक विनोद तयार ठेवला होता.

अग्निशमन दलाच्या चौगुल्यांना याचा सुगावा लागला.

"साहेब, इनोद करायचा न्हाई. आमची शिडी हितवर पोचत न्हाई बगा."

"एकच आहे हो."

"एकानंच घात हुतोय."

मगदूम माइकसमोर उभे राहिले. मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, हारतुरे देणारे, सगळ्यांचे नावानिशी आभार मानू लागले. इमारत सावकाश उतरू लागली. वाहनतळाची व्यवस्था पाहणाऱ्यांपाशी टाकी मागे पडली, 'प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य' येताच पाया टेकला. लोक वाकून खुर्च्यांखाली चपला शोधू लागले.

तेव्हा मगदूम म्हणाले, "आणि आमच्या मंडळींचे आभार. त्यांच्यामुळे आमच्या घराचं छत तीस वर्षांत जागचं हललेलं नाही."

कुणी हसले नाही. कुणाचे लक्षच नव्हते. मगदूमांचा चेहरा एवढासा झाला.

मग तिसऱ्या रांगेत कुणीतरी फिसकन हसले. तोंडात पदर कोंबलेल्या सुशीलाबाई खुर्चीसकट वर निघाल्या त्या थेट पंख्यापाशी गेल्या. मगदूम नुसते बघत राहिले. इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

"आता वैनीस्नी उतरवा की," चौगुले म्हणाले. "प्रायोजकांचं आभार ऱ्हायल्यात न्हवं?"

मगदूमांनी भाषणाचा कागद खिशात घातला. "राहू द्या हो थोडा वेळ."

वरून घराची किल्ली खाली पडली.

"तुमी व्हा म्होरं," सुशीलाबाई म्हणाल्या. "भाकरी डब्यात हाईत. माजं अजून हसून हुयाचंय."

चौगुल्यांनी तेवढा तो पंखा बंद करायला सांगितला.