खाली कोण आहे?

मोघेकाकांसमोर कुणी कुदळ उचलली की ते आधी एकच प्रश्न विचारतात, "खाली कोण आहे?" काय आहे नव्हे, कोण आहे. कलकत्त्याच्या एस्प्लनेडला फूटपाथ उकरणारे मजूर असोत, की पूजेच्या मांडवासाठी बांबू रोवणारी आमच्या सॉल्ट लेकमधली क्लबची पोरं असोत, उत्तर मिळेपर्यंत काका खड्ड्याच्या तोंडाशी ठाण मांडतात. क्लबवाल्यांनी आता त्यांच्यासाठी एक खुर्चीच ठेवली आहे. श्रीखंडात डाव घालतानासुद्धा हे माझा हात धरतात, असं काकू सांगतात. त्यात थट्टा किती आणि तक्रार किती, हे मला अजून कळलेलं नाही.

टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली सांभाळण्यात काकांची नोकरी गेली. कुणीतरी न विचारता घाव घालायचा, अर्धी वस्ती मुकी व्हायची आणि शिव्या काकांना. तो राग पेन्शनबरोबर घरी आला. इतकी वर्षं कलकत्त्यात काढल्यामुळे आपलं बंगाली अस्सल आहे, असा त्यांचा दावा आहे. खरं तर ते केबलपुरतंच आहे. तार, माटी, आस्ते. "एवढ्यात सगळं आयुष्य बसतं रे," असं ते मला वर ऐकवतात. मी बदलीवर आलेला बँकवाला, मला तेवढंही येत नाही, म्हणून मान डोलावतो.

एकुलता एक सुहास टोरांटोला. तो रविवारी फोन करतो, "बाबा, कसे आहात" एवढं मराठीत म्हणतो आणि मग इंग्रजीत शिरतो. तो परत येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी काकांनी बारुईपूरच्या पुढे गावाकडे जमिनीचा तुकडा घेतला आणि घराच्या नकाशात सुहासची खोली काढली. नको म्हणणाऱ्याशी ते भांडले.

पाया खणायच्या दिवशी त्यांनी मलाही ओढून नेलं. ठेकेदार घोषबाबू खोदकामाचं यंत्र घेऊन हजर होते. त्यांच्या मते रिकाम्या रानात खाली असून असून गांडुळं असणार. काकांनी यंत्र बंद करायला लावलं. वीज खात्याची माणसं येऊन खुणा करून गेली होती, पण काकांचं समाधान नव्हतं. "खात्याला खात्याची लाइन ठाऊक. शेजाऱ्याने पंपासाठी ओढलेली वायर कुठल्या नकाशात असते?" मग कमरेत वाकून ते सगळी जमीन फिरले. माती सरळ रेषेत कुठे खचली आहे, गवत एका पट्ट्यातच का वेगळं आहे, खांबावरून उतरलेली वायर पुढे कुठे दिसेनाशी होते, सगळं पाहिलं. तळ्याकडेला त्यांनी खुरप्याने हलकेच माती सारली, तर खरोखरच पंपाची वायर. घोषबाबू तोंड लपवायला चहाला गेले.

काका चेकाळलेच. शेजारच्या झोपडीतल्या म्हातारीला त्यांनी हाक मारली आणि आणखी कुठे काही पुरलंय का, ते विचारलं. तिने आधी यंत्राकडे पाहिलं. मग तिने नकाशातल्या स्वयंपाकघराच्या जागेकडे बोट केलं आणि हळूच म्हणाली, "ओखाने तार नाड़ी पोंता आछे."

"ऐकलंस? तार पुरलेली आहे. नाडीएवढी बारीक. टेलिफोनचीच असणार." काकांनी काठीला लाल गमछा बांधून तिथे रोवला आणि घोषबाबू परतले तेव्हा छाती काढून दाखवला.

घोषबाबूंनी म्हातारीला पुन्हा विचारलं आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. मग त्यांनीच उलगडा केला, बंगालीत तार म्हणजे वायर असते, तशी तार म्हणजे 'त्याची' असंही असतं. आणि नाड़ी म्हणजे नाळ. म्हातारीचा मुलगा इथेच जन्मला, त्याची नाळ तिने त्या कोपऱ्यात पुरली होती. तो आता पुण्याकडे बांधकामावर असतो. जमीन विकली गेली, पण ही गोष्ट कोणाला सांगायची तिला सुचलंच नसावं.

"म्हणजे खाली कोणी नाही. करू सुरू?" घोषबाबूंनी विचारलं. जमीन म्हातारीची राहिली नव्हती. ती नुसती त्या लाल गमछ्याकडे बघत होती.

"घोषबाबू, तार आछे," काका म्हणाले.

"दादा, ओटा तार नय," ती वायर नव्हे, असं घोषबाबूंनी समजावलं.

"आछे. चालू लाइन आछे." आणि यंत्र घरघरायला लागलं, तसे काका धोतरासकट तिथेच मातीत मांडी घालून बसले. नकाशा बदलावा लागेल, स्वयंपाकघर पश्चिमेला जाईल, दुपारी भट्टी पेटेल, सुहासची खोली निम्मी होईल, असं घोषबाबूंनी परोपरीने सांगून पाहिलं. काका हलले नाहीत. पहिल्यांदा मला त्यांच्या हट्टाची लाज वाटली नाही. मीही शेजारी जाऊन बसलो. यंत्र परत गेलं.

परतीच्या गाडीने गरिया स्टेशन मागे टाकलं. मग काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुहासचा जन्मही इथलाच. त्याची नाळ हॉस्पिटलात कुठे टाकली, मी विचारलंसुद्धा नाही. सगळ्या कलकत्त्याला विचारत फिरलो आणि तेवढं राहिलं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रविवार होता. खणायला सुरुवात झाली का, ते सुहासने इंग्रजीत विचारलं असावं, कारण काका नाही म्हणाले. पलीकडून आलेला पुढचा प्रश्न मलाही स्वच्छ ऐकू आला. लहानपणापासून घरात ऐकलेलं ते एक मराठी वाक्य त्याला बिनचूक येत होतं.

"खाली कोण आहे, बाबा?"

काकांनी फोन कानाशी घट्ट धरला. "लाइन आहे रे," ते म्हणाले, "अजून चालू आहे."