पाठिंबा मिळाल्याची सही

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी हाफ मॅरेथॉनमध्ये भाग घेतला नव्हता. मी फक्त सही केली होती.

आमच्या कार्यालयात परिपत्रक टेबलावर आलं की ते वाचायचं नसतं, वाचलंय असं समजून सही करायची असते. एकवीस वर्षं मी हे काम चोख करत आलोय. त्या दिवशी कागद सगळ्यांत आधी माझ्याकडे आला. त्यावर दोन रकाने होते. डाव्या रकान्यात जागा ऐसपैस दिसली, म्हणून मी तिथे सही ठोकली आणि चहाला गेलो. दुपारी कागद विभागभर फिरून परत आला तेव्हा कळलं, की डावा रकाना 'सहभागी' असा होता आणि उजवा 'पाठिंबा' असा. डावीकडे मी एकटा होतो. उजवीकडे अकरा सह्या होत्या.

मी तडक साहेबांकडे गेलो.

"साहेब, ही सही चुकून झाली."

"सही तुमचीच आहे ना?"

"आहे, पण मी वाचलं नव्हतं."

"तुम्ही खिडकीवर लोकांना काय सांगता?"

मी खिडकी क्रमांक चारवर असतो. जुन्या नोंदींच्या नकला देतो. एखादा माणूस येतो, म्हणतो माझी नोंद सापडत नाही. मी म्हणतो, नोंद नाही म्हणजे झालेलं नाही. तो म्हणतो, अहो मी तुमच्यासमोर उभा आहे! मी म्हणतो, उभे असाल, नोंद नाही. (यात माझी काय चूक? नियम आहे.) तर आता नोंद झाली होती, आणि ती माझी होती.

घरी सांगितलं तर सहानुभूती मिळेल असं वाटलं होतं. आमच्या फ्रिजवर मुलीने एक यादी चिकटवली आहे, 'बाबांनी अर्धवट सोडलेल्या गोष्टी'. एक, गॅलरीचा कठडा रंगवणे (डावी बाजू निळी आहे, उजवी गंजकी). दोन, गिटार. तीन, पुस्तकांचं कपाट, ज्याचे चार खण ठरले आणि दोन झाले. अशा सात गोष्टी. आता वर्षानुवर्षं नोकरी करून, घर चालवून माणसाच्या हातून सात गोष्टी राहिल्या तर त्याची यादी करायची असते का? पण सांगणार कोणाला!

"बाबा, ही तर तुमच्यासाठीच काढलेली स्पर्धा आहे," मुलगी म्हणाली. "अर्धीच करायची असते."

बायको हसली. सासूबाई हसल्या. वर मुलीने उठून पेन्सिलीने यादीत लिहिलं, 'आठ. हाफ मॅरेथॉन.' मी अजून एक पाऊलही टाकलं नव्हतं! ते आठ नंबरचं वाक्य पेन्सिलीने लिहिलं होतं म्हणून ती खोडून टाकेल अशी माझी समजूत होती. तिने मला समजावलं, की सोडल्यावर ते पेनने गिरवायचं आहे.

त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सांगून टाकलं, "एकवीस किलोमीटर शंभर मीटर. शेवटचा मीटरसुद्धा सोडणार नाही. आणि पूर्ण केलं की त्या आठ नंबरवर बरोबरची खूण तूच करायचीस." पंधरा वर्षांच्या पोरीसमोर एवढं बोलून बसल्यावर माघार घेणं शक्यच नव्हतं.

पळणं माझ्या तब्येतीला झेपणार नव्हतं, पण चालून पूर्ण करायलाही परवानगी होती. मुदत चार तास. दोन महिने मी रोज पहाटे चाललो. बायको मागून स्कूटरवर यायची आणि मी हळू झालो की हॉर्न वाजवायची. कार्यालयात टायपिस्टबाईंनी वेळापत्रक टाईप करून माझ्या टेबलावर लावलं. भांडारपालांनी बूट निवडले, तेही एक नंबर मोठे, कारण पाय सुजतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. प्रत्येक जण येता-जाता विचारायचा, "काय, आज किती झाले?" एकालाही आपण स्वतः चालावं असं वाटलं नाही. पाठिंबा हा फार सोपा व्यायाम आहे.

स्पर्धेच्या सकाळी थंडी चांगलीच होती. आयोजकांनी छातीवर लावायला नंबर दिला होता. त्याच्या मागे एक पातळ चकती असते. सुरुवातीला जमिनीवर एक चटई आणि शेवटी एक. चकती दोन्हींवरून गेली की वेळेची आपोआप नोंद. ही पद्धत मला मनापासून आवडली. (नोंदीतल्या माणसालाच नोंदीची किंमत कळते.) मी टी-शर्टवर नंबर लावायला घेतला तर बायकोने हात धरला.

"अहो, नव्याकोऱ्या टी-शर्टला पिनांची भोकं पडतील. जाकिटालाच लावते."

लावू दिलं. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर पिनांवरून वाद घालत नाहीत.

सुरुवात झाली. पळणारे पळून गेले, चालणारे पुढे गेले, आणि सगळ्यांच्या मागे मी. माझ्या मागे फक्त एक पांढरी व्हॅन होती. जो थकेल त्याला तीत घालून परत आणायचं.

दर दोन किलोमीटरला आमच्या कार्यालयाचा एक माणूस उभा राहणार होता. असे दहा, आणि अकरावे साहेब स्वतः शेवटच्या रेषेवर. दुसऱ्या किलोमीटरला भांडारपाल दिसले तेव्हा माझा ऊर भरून आला. एवढ्या थंडीत, सुट्टीच्या दिवशी! त्यांच्या हातात पाणी असेल म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी हातात पेन दिलं.

"आधी सही."

"कसली?"

"पाठिंबा मिळाल्याची. रविवारची ड्युटी आहे ना, बदली रजा मिळते. पण सहभागीने प्रमाणित करावं लागतं. वेळ पण टाका."

"आणि मला बदली रजा?"

"तुम्ही हौसेने आलायत."

हौसेने! मी सही केली आणि निघालो. त्यांनी मला बाही धरून मागे ओढलं.

"पाठिंब्याचं स्वरूप राहिलं."

"काय लिहू?"

"टाळ्या लिहा."

"तुम्ही टाळ्या कुठे वाजवल्यात?"

त्यांनी फाईल काखेत धरून दोन टाळ्या वाजवल्या. मी लिहिलं, 'टाळ्या (दोन)'. एवढ्यात तीन मिनिटं गेली.

सहाव्या किलोमीटरपर्यंत मला घाम फुटला होता. तिथे बायको, मुलगी आणि सासूबाई गाडी लावून उभ्या होत्या. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्या घडीच्या खुर्चीत बसून मोठ्यांदा म्हणाल्या, "जावईबापू, चालताय की उभे आहात?"

मी चालत होतो!

"द्या ते जाकीट इकडे, उकडतंय तुम्हाला," बायको म्हणाली. मी दिलं. नंबर मला आठवला नाही, बायकोला आठवला नाही, आणि तिथे सही घ्यायला उभ्या असलेल्या रोखपालांनाही आठवला नाही. त्यांना फक्त सही आठवली.

पुढचं काय सांगू. बाराव्या किलोमीटरला टायपिस्टबाईंना सही तीन प्रतींत हवी होती. चौदाव्याला पेनातली शाई संपली आणि दुसरं पेन आणायला माणूस जाऊन येईपर्यंत मला थांबवून ठेवलं. भीक नको पण कुत्रा आवर, असं माझं झालं. इतका पाठिंबा नसता तर मी अर्धा तास आधी पोचलो असतो.

पांढरी व्हॅन आता अगदी जवळ आली होती. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"काका, बसता का? सीट मऊ आहे."

"नाही."

"कोणाला कळणार नाही."

"फ्रिजवर लिहिलं जाईल."

त्याला काही कळलं नाही, पण त्याने पुन्हा विचारलं नाही. सात किलोमीटर तो माझ्या मागे चालण्याच्या वेगाने गाडी चालवत आला. दिवसभरात एवढा एकच माणूस भेटला, ज्याने माझी सही मागितली नाही. अठराव्या किलोमीटरला टाचेवर फोड आला. (एक नंबर मोठे बूट!) मी रडवेला झालो होतो, हे कबूल करतो. पण डोळ्यांसमोर ते पेन्सिलीने लिहिलेलं आठ नंबर होतं, आणि पाय आपोआप पडत होते.

विसाव्या किलोमीटरला आमचे आवक-जावकवाले खुर्चीत डुलक्या घेत होते. मी चोरपावलांनी पुढे सटकलो. पन्नास पावलं गेलो नसेन तोच मागून हाक आली, "अहो! सही!" ते कागद घेऊन धावत आले. मला गाठेपर्यंत त्यांना एवढी धाप लागली, की मला त्यांना खाली बसवून माझ्याजवळचं पाणी पाजावं लागलं. मग त्यांनी पाठिंब्याच्या स्वरूपात 'पाणी' लिहायला सांगितलं.

शेवटची रेषा दिसली तेव्हा घड्याळात तीन तास छप्पन्न मिनिटं झाली होती. समोरून टाळ्यांचा कडकडाट येत होता. माझ्यासाठी! मी छाती पुढे काढली. जवळ गेल्यावर दिसलं, की सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. आमचं जवळजवळ अख्खं कार्यालय कोणाच्या तरी भोवती कोंडाळं करून फोटो काढत होतं. एक स्वयंसेवक आडवा आला.

"काका, बाजूने या. ही वाट स्पर्धकांची आहे."

"मीच स्पर्धक!"

"नंबर?"

मी छातीकडे पाहिलं. टी-शर्ट नवाकोरा होता, एकही भोक नव्हतं. मी त्याच्या हाताखालून वाकून निघालो आणि रेषा ओलांडली. तीन तास सत्तावन्न मिनिटं. गर्दीतून एकच तोंड माझ्याकडे वळलं. मुलीचं. "बाबा! आलात!" ती ओरडली आणि घामाची पर्वा न करता मला मिठी मारली. तिथेच संपायला हवं होतं.

पण कोंडाळ्याच्या मध्ये सासूबाई होत्या. अंगात माझं जाकीट, जाकिटाला माझा नंबर आणि गळ्यात पदक. गार वारा सुटला म्हणून बायकोने त्यांना जाकीट घातलं होतं. केळी रेषेच्या पलीकडे वाटत होते. सासूबाई खुर्चीवरून उठल्या आणि चटईवरून केळं आणायला गेल्या.

"त्या पदकं वाटणाऱ्या पोरीने गळ्यात हे घातलं," त्या मला म्हणाल्या. "नको म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं."

"आजी, खूप त्रास झाला का?" कोणीतरी विचारलं.

"छे हो, दहा पावलं तर होती."

लोकांनी हा विनय समजून पुन्हा टाळ्या वाजवल्या. साहेबांनी आपल्या पाठिंब्याच्या कागदावर सहभागीची सहीसुद्धा त्यांच्याकडूनच घेतली होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा!

मी लंगडत नोंदणीच्या टेबलाकडे गेलो. तिथल्या बाईंनी यंत्रात पाहिलं.

"तुमची नोंद आहे. तीन तास बावीस मिनिटांत पोचलात. पदक दिलंय."

"अहो, त्या माझ्या सासूबाई! मी आत्ता पोचलो."

"आत्ताची नोंद नाही."

"पण मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"उभे असाल," त्या म्हणाल्या. "नोंद नाही."

माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत ही वाक्यं समोरून कशी लागतात हे मला पहिल्यांदा कळलं. (त्यांचा स्वर माझ्यापेक्षा बराच सौम्य होता, हेही नमूद करतो.) त्यांनी तक्रारीचा अर्ज दिला. दोन साक्षीदार हवेत, घरच्यांची साक्ष चालत नाही. म्हणजे मुलगी बाद. कार्यालयातल्या सगळ्यांच्या माझ्याकडे पाठी होत्या. व्हॅनचा ड्रायव्हर म्हणाला, "काका, मी तुम्हाला सात किलोमीटर मागूनच पाहिलं. चेहऱ्याचं मी सांगू शकत नाही."

मग मला एकदम आठवलं. माझ्या सह्या! दहा ठिकाणी, वेळेसकट! सोमवारी साहेबांकडे धावलो, म्हणजे लंगडत गेलो.

"ते कागद रजेच्या प्रकरणात गेले," साहेब म्हणाले. "नकला मिळतील. खिडकी क्रमांक चारवर अर्ज करा."

"साहेब, खिडकी चारवर मीच आहे."

"मग अडचण काय?"

अडचण अशी, की दुसऱ्याच्या रजेच्या प्रकरणातल्या कागदाची नक्कल मी कोणालाही देत नाही. नियम आहे. मी मला नकार दिला.

सासूबाईंचं पदक त्यांच्या पलंगाच्या कडेला टांगलेलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या "जावईबापूंमुळे मिळालं" असं सांगतात, एवढा त्यांचा मोठेपणा. मुलीने मात्र शब्द पाळला. रविवारी घरी आल्या आल्या यादीतल्या आठ नंबरवर तिने बरोबरची खूण केली, चांगली ठसठशीत. म्हणाली, "मी पाहिलंय, बस झालं." मला भरून आलं.

तक्रारीचा अर्ज तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर पडून होता, साक्षीदारांच्या रकान्यापर्यंत भरलेला. काल सकाळी पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेलो तर यादीत नवी ओळ दिसली. 'नऊ. मॅरेथॉनचा तक्रार अर्ज.' ही तिने पेन्सिलीने लिहिलेली नाही, थेट पेनने लिहिली आहे.