शमशादचाचीचं शोषण होऊ न देण्याची गोष्ट

काष्टीच्या बैलबाजारात फक्रुद्दीन दलालाचा शब्द चालतो, आणि तोही मुका. सौदा करताना चाचा समोरच्याच्या हातावर रुमाल टाकतात. खाली बोटं दाबून जे ठरतं ते ठरतं. शेजारी उभ्या बैलालाही पत्ता लागत नाही.

दम्याच्या नव्या गोळीच्या चाचणीसाठी माणसं जमवायचं काम अशा माणसाकडे आलं, यात गैर काही नव्हतं. औषध कंपनीला दमेकरी हवे होते आणि शहरातले दमेकरी फार प्रश्न विचारतात. चाचांनी आधी बायकोच नेली. शमशादचाची चुलीपासून उंबऱ्यापर्यंत जायची तरी मधे बसायची.

चाचणी घेणाऱ्या डॉक्टर राजनंदिनी म्हणाल्या, "निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसत्या पिठाची. कुणाला कोणती, हे मलाही माहीत नसतं, चाचा."

"बाजारात समदे आधी असंच म्हनत्यात, मॅडम," म्हणत चाचांनी त्यांच्या हातावर रुमाल टाकला आणि बोटं दाबली. म्हातारा हळवा झालाय असं वाटून मॅडमनीही दाबली. चाचांच्या लेखी सौदा पक्का झाला: चाचीला खरी गोळी.

पाहणीला आलेल्या नैतिकता समितीने 'स्थानिक परंपरेशी सुसंगत गोपनीय संमती' अशी याची प्रशंसा केली आणि कंपनीला रुमाल पुरवायला सांगितलं. निळे रुमाल आले. सही येणारेही रुमालाखाली संमती देऊ लागले, कारण रुमाल घरी नेता येत होता. हे प्रलोभन आहे, असं समितीच्या ध्यानात येताच रुमाल धुऊन परत मागवण्यात आले.

चाचीच्या वाट्याला खरी गोळी आली. ती पायी बाजारात येऊन, चाचांच्या सौद्यात मागून तोंड घालू लागली.

"जरा दम लागू दे गं तुला," चाचा वैतागायचे.

चाचणी यशस्वी झाली. म्हणून गोळी बंद झाली.

"गुन आला, मंग बंद का?" चाचांनी समितीच्या अध्यक्षांना विचारलं. "मॅडमशी माझा सौदा झालाय."

"गरिबाला फुकट औषध देणं म्हणजे त्याच्या गरजेचा फायदा घेणं," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. "आम्ही तुमचं शोषण होऊ देणार नाही."

"थोडं हुऊ द्या की, सायेब. तिला श्वास घेता येत हुता."

समितीला ही भाषा आवडली नाही. तरी माणुसकी म्हणून मार्ग निघाला: पुढची चाचणी अतिगंभीर रुग्णांची आहे, चाचीचा आजार पुरेसा वाढला की आणा.

आता चाचा तिला दर बाजाराला दाखवायला नेतात. डॉक्टर तपासून हळहळतात, "अजून थोडं कमी पडतंय, चाची."

चाची ओशाळते. "फुडच्या... बाजारापातुर... जमवते."

गोळी मात्र दुकानांत आली आहे. तुमच्या घरी कुणाला दमा असेल तर निर्धास्त आणा. शमशादचाचीने ती आधी घेऊन पाहिली आहे, आणि तिच्याशी आपण सगळेच अत्यंत नैतिकतेने वागलो आहोत.