इंदुकाकूंच्या दुरुस्त्या

इंदुकाकू दार वाजवत नाहीत. चमच्याखाली डावा तळवा धरून थेट आत येतात आणि चमचा माझ्या तोंडासमोर आणतात. "चाख. आणि खरं बोल."

गौलीगुड्याच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. मी दिवसभर परदेशी कंपन्यांविरुद्ध पत्रकं चिकटवून, खळीनं बरबटलेल्या हातांनी दमून घरी यावं, तर काकूंच्या चमच्यात त्याच कंपन्यांच्या पाकिटातल्या शेवया! मसाल्याची पुडी फेकून, चिंच-तीळ घालून दुरुस्त केलेल्या.

"काकू, यावर आमचा बहिष्कार आहे."

"असू दे की. आधी गिळ, मग घाल बहिष्कार. काय कमी आहे?"

"मीठ."

"ते सोडून बोल!"

या खटाटोपाचं कारण काका, जामबागेतल्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. रक्तदाबापायी डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं. तेव्हापासून ते दोन घास खाऊन ताट सरकवत. "नक्को, इंदू. यापेक्षा गवत बरं." वर्षभरात सदरा खांद्यावरून घसरायला लागला. असेच उपाशी उठत राहिले तर सलाइन लावावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणून काकू नव्या केबलवरच्या पाककृती उतरवून घेत आणि लगेच खोडत. चीज? खोड. सोया सॉस? खोड. त्याजागी अंबाडी, लिंबू, भाजका लसूण. "पाककृती म्हणजे सूचना, हुकूम नव्हे," असं त्या म्हणत. सरकारी धोरणांवरच्या एका पत्रकात हे वाक्य मी थोडं फिरवून वापरलंसुद्धा. काका मात्र बधत नव्हते. काकूही थकत चालल्या होत्या.

मग महालक्ष्म्या आल्या. काकूंनी कटाची आमटी केली, मीठ घालण्याआधी काकांपुरती वाटीभर बाजूला काढली. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, त्यामुळे माझी त्या दिवशी सुटका झाली. आम्ही शेजारचे दहाजण पंगतीला बसलो.

मी पहिला भुरका मारला. ठार अळणी! शेजारच्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं.

तेवढ्यात काकांनी आपली वाटी सरकवली. "सणाचा दिवस आहे. मला पंगतीतली आमटी वाढ, नाहीतर हा उठलो."

काकू पातेलं घेऊन तशाच उभ्या. मी उठलो, त्यांच्या हातातला डाव घेतला आणि काकांची वाटी भरली.

काका भुरकले. डोळे मिटले. "हां! याला बोलते आमटी! और वाढ."

पंगतीत कुणीही तोंड उघडलं नाही. मला त्या माणसांचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

काकूंनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "मारायचंय का त्यांना? मीठ चारलंस!"

"काकू, तुम्ही मीठ घातलंच नाही."

त्यांनी चमचाभर आमटी तोंडात घोळवली. पुन्हा घेतली. "मला तर बरोबर लागतेय रे."

त्यांनी चमचा खाली ठेवला.

"यांच्याच पातेल्यातलं जेवते ना मी," त्या हळूच म्हणाल्या. "वर्ष होत आलं. जीभच गेली वाटतं."

बाहेरून काका तिसऱ्यांदा आमटी मागत होते. काकूंनी पदर खोचला, पातेलं उचललं.

"लोकांच्या पानात गुपचूप मीठ वाढ," त्या मला म्हणाल्या. "आणि यांना दिसू देऊ नको."