तीन नकारांची मोहीम

श्रीगणरायास दंडवत, सरस्वतीस नमन, आणि ज्यांनीं पुसिलें कीं लटका नकार म्हणजे काय व तो कोठवर चालवावा, त्या धनीसाहेबांस सेवकाचा मुजरा. ऐकिलें तैसें लिहितों. पदरचें घातलें असेल तर तें गोडीपुरतें. शके सतराशें नऊ, प्लवंगनाम संवत्सर, चैत्रमास. ते समयीं दौलत आबाद, शत्रू नरम आणि शिपाई रिकामे. शिपाई रिकामे म्हणून राजधानींत नेत्रांच्या लढाया फार जाहल्या. त्या दौलतीचा एक रिवाज होता. थोर घरच्या कन्येस कोणी फूल पाठविलें तर तिनें तें परत करावें, एकदां नव्हे, तीनदां. पहिल्या नकारानें गोष्ट सुरू होई, दुसऱ्यानें रंग भरे, आणि तिसरा आला कीं मुलाकडील वडील माणसें पागोटीं बांधून मागणी घालावयास निघत. नगरांत हें कोणास सांगावें लागत नसे.

किल्लेदार विठोजीराव यांची कन्या मंजुळाबाई या विद्येंत पहिली. पदर सावरणें, न वळतां पाहणें, हसूं ओठांत धरून भुवईवाटे सोडणें, ऐसीं बाईंचीं हत्यारें. त्यांनीं पांच-सात चांगले शिलेदार घायाळ करून सोडिले होते, आणि त्यांतील एकासही तिसरा नकार मिळाला नव्हता. मग सरहद्दीकडून सुभानराव शिलेदार आले. उंच, सांवळे, बोलणें थोडें. त्यांनीं हौदावर बाईंस पाहिलें आणि दुसरे दिवशीं मोगऱ्याचा गजरा पाठविला. बाईंचें काळीज हललें. खरें लिहावें तर ते दिवशीं त्या जेवल्याच नाहींत. तरी रिवाज तो रिवाज. गोजरा दासीबरोबर गजरा परत केला आणि निरोप दिला कीं, "म्हणावं, आम्हांस नको." सुभानरावांनीं मान लवविली, "बरं," म्हणाले, आणि गजरा देवास वाहिला. सरहद्दीच्या ठाण्यावर नाहीं म्हणजे नाहीं. तेथें पहारेकरी एकदां नको म्हणाला आणि पुढें पाऊल पडलें तर भाला येतो. त्याच शिस्तींत ते वाढलेले.

मग बाई दुसऱ्या गजऱ्याची वाट पाहूं लागल्या. चैत्र गेला, वैशाख गेला. बाई मनीं म्हणाल्या, "हा गडी माझ्याहून कसबी, उलटा मजवरच रुसून बसला. बरं, मीही पाहतें." आणि कोणी मागितला नसतां दुसरा नकार पाठविला! गोजरा हौदावर उभी राहून म्हणाली, "बाईसाहेब म्हणतात, आतांही नको." सुभानराव चकित जाहले. "मी तर कांहींच पाठविलं नाहीं," ऐसें बोलले, आणि समजले कीं आपली सावलीही बाईंस सोसत नाहीं. मग त्यांनीं किल्लेदाराच्या दारावरून घोडा नेणें बंद केलें. तेणेंकरून बाई जिद्दीस पेटल्या, आणि श्रावणांत तिसरा नकार रवाना केला, आणि अंगण सारवून, रांगोळी घालून वडील माणसांची वाट पाहत बसल्या. वडील माणसें आलीं नाहींत. बातमी आली कीं सुभानरावांनीं दरबारीं अर्ज करून सरहद्दीचें टोकाचें ठाणें बारा वर्षांच्या बोलीनें मागून घेतलें, आणि कारण पुसतां म्हणाले, "एका थोर घरास आमचा उपद्रव होतो." दसऱ्यास कूच ठरलें.

आत्याबाई म्हणाल्या, "अग, आणखी एकदां नाहीं म्हणून बघ. धावत येईल." मंजुळाबाई रडल्या नाहींत. "नाहीं म्हणून म्हणूनच हें झालं, आत्याबाई. आतां मी जातें."

"तूं? पडदा सोडून? लोक काय म्हणतील?"

"म्हणोत. बारा वर्षं लोकांना नाहीं काढायचीं, मला काढायचीं आहेत."

आणि दसऱ्याचे दिवशीं, उजळ उन्हांत, पालखीचा पडदा वर करून बाई छावणींत दाखल जाहल्या. मागील पालखींत आत्याबाई देवाचें नांव घेत. सुभानराव दहा पावलांवर येऊन खालीं मान घालून उभे राहिले. "कांहीं चुकलं असल्यास क्षमा. आज जातोंच आहों."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "तीनही नकार लटके होते. इकडची रीत आहे ती. पहिल्या दिवसापासून माझं मन तुमच्यापाशीं आहे."

सुभानराव हर्षले नाहींत. "बाईसाहेब, आम्ही ठाण्याचीं माणसं. तुमचं नाहीं जर नाहीं नव्हतं, तर आजचं हें खरं, असं आम्हीं कशावरून धरावं?"

हा प्रश्न बाईंस लागला, कारण तो वाजवी होता. आपल्या शब्दाची किंमत आपणच घालविली हें त्यांस तेथें उन्हांत उभें राहून कळलें. पदर होता तसाच राहूं दिला. "आज एकदाच बोलेन, आणि तेंच खरं. काय विचारायचं तें विचारा."

"मग सांगा, ठाणं सोडून इथंच राहूं?"

हो म्हणावें ऐसें बाईंच्या फार मनांत होतें. आईबाप येथें, फुलें येथें, सारी मौज येथें. परंतु दरबारीं दिलेला शब्द मोडून राहिलेला सुभानराव त्यांस नको होता. "नाहीं," त्या म्हणाल्या. शिपाई हळहळले, आत्याबाईंनीं कपाळावर हात मारिला. सुभानराव मात्र जवळ आले आणि बाईंच्या मुद्रेकडे फार वेळ पाहत राहिले. ओठ तपासिले, भुवई तपासिली, हसूं कोठेंच सांपडलें नाहीं.

"हें 'नाहीं' मात्र खरं आहे," ते हळूच म्हणाले.

"खरं आहे. ठाणं सोडूं नका. मी ठाण्यावर येतें."

तेव्हां सुभानराव प्रथम हसले. दसरा साडेतीन मुहूर्तांतला, म्हणून पुरोहितांनीं चातुर्मासाकडे कानाडोळा केला, आणि लग्न लागलें, आणि दुसरे दिवशीं कूच जाहलें.

तात्पर्य इतकेंच कीं, लटका नकार गोड खरा, पण ज्यास तो कळतो त्याच्याशींच करावा. राजधानींत रिवाज अद्याप चालतो. मात्र आतां मुली पहिला नकार देण्याआधीं गडी कोठला तें पुसून घेतात. येथवर हकीकत, येथें लेखणी ठेविली.