ट्रेलरची दांडी आणि आबांचा आशीर्वाद

सासऱ्यांना पाठीवर बसवून समुद्रात न्यायचं नाही हे एकदा नक्की झालं, तेव्हा साकेनने बोटीच्या ट्रेलरची दांडी लांब करायला घेतली.

पाठीवरून नेण्याची सूचना त्याचीच होती आणि ती त्याच्या चांगलीच अंगाशी आली होती. अरल समुद्राचा तो किनाराच असा, की माणूस पाण्यात चालून चालून कंटाळतो, पण पाणी काही लवकर गुडघ्याच्या वर चढत नाही. जीप मागे घेत पार सायलेन्सर बुडेपर्यंत नेली, तरी ट्रेलरवरची बोट कोरडी ठणठणीत. मग ती खाली ओढायची, खोल पाण्यापर्यंत ढकलायची आणि चिखल तुडवत जाऊन तिच्यात बसायचं. सासऱ्यांचे, म्हणजे ओराझबाय आबांचे, गुडघे गेले तसा चिखल त्यांना बंद झाला आणि चिखलाबरोबर समुद्रही बंद झाला.

"पाठीवर?" आबा तेव्हा म्हणाले होते. "अख्ख्या जहाजाचा कप्तान होतो मी. जावयाच्या पाठीवर बसून जायला मी काय बाजारात निघालेली मेंढी आहे?"

त्यानंतरचे दोन उन्हाळे आबा दाराबाहेरच्या बाकावर समुद्राकडे पाठ करून बसले. मासे ताटात आले की नुसते चिवडायचे. साकेनची बायको मरझान रोज एकच सांगे, "अहो, काहीतरी करा. असेच बसले तर आबा बसल्या जागी संपतील." साकेनलाही ते दिसत होतं. म्हातारा खरोखरच वाळत चालला होता.

शेवटी साकेनच्या डोक्यात प्रकाश पडला. आबांना कोरड्या जमिनीवरच मानाने बोटीत बसवायचं, आणि ट्रेलरनेच त्यांना खोल पाण्यात नेऊन सोडायचं. त्यासाठी त्याने विहिरी खोदणाऱ्यांकडून एक जाड पाइप आणला आणि जुन्या दांडीच्या आत बसवला. रस्त्यावर तो आत ढकलायचा, किनाऱ्यावर बाहेर ओढून बोल्ट घालायचा. म्हणजे बोट पाण्यात आणि जीप कोरडी.

जीप कोरडी राहणं फार गरजेचं होतं, कारण ती मेव्हण्याची होती.

"दाजी," तोलेगेन म्हणाला, "माझ्या जीपमध्ये पाण्याचा एक थेंब जरी गेला, तरी तुमचं आमचं नातं संपलं."

"अहो, दांडी बघा केवढी आहे! तुमची जीप किनाऱ्यावर उभी राहून नुसती बघणार."

लांब दांडीच्या ट्रेलरला स्वतःचं डोकं असतं, हे सरावाच्या दिवशी कळलं. स्टिअरिंग वळवलं की तो आधी विचार करी आणि मग भलतीकडेच जाई. त्या विचारात त्याने सासूबाईंचा रोटीचा तंदूर आडवा केला. "दांडी तेवढी लांब झाली," कुल्याश सासूबाई म्हणाल्या, "अक्कल होती तेवढीच राहिली." साकेन खाली मान घालून विटा गोळा करत राहिला.

शुक्रवारी सगळे किनाऱ्यावर जमले. जीप सिमेंटच्या उतारावर पाण्याकडे पाठ करून लावली, दांडी बाहेर ओढली, बोटीचे पट्टे सोडले, हँडब्रेक कचकचून ओढला. बोटीच्या मध्यावर, बरोबर चाकांवर, साकेनने गालिचा आणि उशा मांडल्या होत्या. आबा स्टुलावरून बोटीत चढले. त्यांनी उशांकडे पाहिलं.

"मी काय सासरी निघालेली नवरी आहे?" असं म्हणून ते थेट मागे, इंजिनापाशी, कप्तानाच्या जागी जाऊन बसले.

आबांचं वजन मागे गेलं तशी दांडी वर उचलली गेली, आणि दांडीबरोबर जीपचा मागचा भागही थोडासा उचलला गेला. हँडब्रेक काय तो मागच्याच चाकांना. पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं, कारण आबांनी डोळे मिटून दोन्ही तळवे उघडले होते.

वडीलधाऱ्याने बाता द्यायला, म्हणजे आशीर्वादाला, हात उघडले की सगळ्यांनी हात उघडायचे. तो 'औमिन' म्हणून तोंडावरून हात फिरवेपर्यंत बोलायचं नाही की हलायचं नाही. मध्येच हललात तर आशीर्वाद सांडतो.

आबांनी समुद्राची दुवा मागितली. मग समुद्रात गेलेल्या माणसांची नावं घ्यायला सुरुवात केली. आणि जीप शेवाळलेल्या सिमेंटवरून, अगदी अदबीने, मागे सरकू लागली.

"दाजी," तोलेगेन ओठ न हलवता म्हणाला. "जीप."

"बघतोय."

"मग थांबवा की!"

"तुम्ही थांबवा. वडील तुमचे आहेत."

तोलेगेनने एक पाऊल उचललं. कुल्याश सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने ते होतं तिथेच ठेवलं. आबा त्याच वेळी आपल्या थोरल्या भावाचं नाव घेत होते. तो वादळात गेला तेव्हा आबा त्याच होडीत होते. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अशा वेळी ब्रेकबद्दल कोण बोलणार?

ट्रेलर पाण्यात शिरला. मागोमाग जीप शिरली. पाणी टायरांवर चढलं, मग दारात गेलं, मग सीटवर. तोलेगेनचे तळवे उघडे होते आणि ओठ पुटपुटत होते. तो प्रार्थना करत नव्हता.

नावं काही संपेनात. आबांनी मासळी कारखान्यातल्या हिशेबनिसाचं नाव घेतलं तेव्हा मात्र सासूबाईंनी डोळे पुसायचे थांबवले.

"अगं बाई, हा कधी गेला? काल तर बाजारात खरबुजं निवडत होता!"

पुढचं नाव गावच्या शिक्षकाचं निघालं. शिक्षक सासूबाईंच्या शेजारीच हात उघडून उभे होते. ते दचकले, पण हलले नाहीत.

तेवढ्यात बोट ट्रेलरवरून सुटली. एकदा डुलली आणि तरंगत खोल पाण्याकडे निघाली. आबांनी "औमिन" म्हटलं आणि तोंडावरून हात फिरवले. किनाऱ्यावर सगळ्यांनी घाईघाईने तोंडं पुसली, आणि एकच धावपळ उडाली. तोलेगेन बुटांसकट पाण्यात घुसला.

"आबा, घाबरू नका!" साकेन ओरडला. "मी आलो!"

"येऊ नकोस," आबा म्हणाले. त्यांनी इंजिन पाण्यात सोडलं होतं आणि ते सुरू करायची दोरी हातात घेतली होती. दोन उन्हाळ्यांत कोणी पाहिलं नव्हतं असं ते हसत होते.

"आबा, जीप बुडतेय हे तुम्हाला कळलं तरी का?" जीपचं दार उघडून आतलं पाणी बघत तोलेगेन रडकुंडीला येऊन विचारत होता.

"न कळायला काय झालं? आयुष्य बोटीत गेलं माझं. डोळे मिटलेले असले तरी बोट हललेली कळते."

"मग थांबायचं ना!"

"थांबलो असतो, तर तुम्ही आधी जीप वाचवली असती," आबा म्हणाले आणि त्यांनी दोरी ओढली. "म्हणून तर गेलेल्यांची नावं संपल्यावर जिवंतांची घ्यावी लागली."

इंजिन सुरू झालं. "जेवायला या हो!" सासूबाई ओरडल्या, पण ते आबांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तोलेगेनने साकेनकडे पाहिलं, साकेनने जीपकडे पाहिलं. आबांचं म्हणणं अगदी खरं होतं.